फुकटची आरती

आमच्या घरात हळू बोलायची सवय कुणालाच नव्हती. पुढच्या खोलीत चटणीचा डंक होता. त्याची चार लोखंडी मुसळं एकामागून एक वर जायची आणि उखळात आदळायची, आणि त्या दणक्यांवर मंगळवार पेठेतलं आमचं घर सकाळी आठापासून दिवस मावळेपर्यंत हलत राहायचं. मांडणीतली ताटं सतत वाजायची. मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. डंक बंद झाल्यावरही आमचे आवाज खाली यायचे नाहीत, त्यामुळं नव्या माणसाला वाटायचं, ही माणसं भांडतायत. निम्म्या वेळा आम्ही खरंच भांडत असू. माझा आवाज तिथंच तयार झाला. पुढं व्यापारात त्याचा उपयोग झाला आणि सासरी त्रास झाला.

होळीच्या आधीपासून चटणीचा हंगाम लागायचा. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीची पोती, भाजलेल्या खोबऱ्याचा आणि तिळाचा वास, तेलात परतलेला कांदा-लसूण, आणि या सगळ्यावर हवेत तरंगणारी तांबडी धूळ. पाहुणा उंबऱ्यात आला की शिंकायचा. आम्हाला काही व्हायचं नाही. माझी आई, अव्वा, मागच्या खोलीत भाकऱ्या थापायची आणि त्या भाकरीलाही हंगामात किंचित तिखट चव असायची. शेंगांची चटणी, दही, भाकरी आणि कधी भरली वांगी, एवढ्यावर आमचं जेवण उरकायचं. वडील, आप्पा, मी लहान असतानाच गेले. डंक माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या नावावर झाला. तो यंत्र चालवायचा. मिरची तोलणं, नंबर लावणं, दर ठरवणं आणि बायकांशी हुज्जत घालणं हे माझ्याकडं. बारावीनंतर शिक्षण थांबलं ते या हुज्जतीसाठीच.

डंकावरची एक रीत सांगायला पाहिजे. चटणी करायला आलेली कुठलीही बाई आपली मिरची ठेवून निघून जात नसे. आपलं पातेलं, आपला चमचा घेऊन ती उखळाशेजारी बसायची. चहा आला तरी तिथंच प्यायची, उठायची नाही. आपली ब्याडगी दुसरीच्या डब्यात जाईल, आपलं खोबरं कमी भरेल, मागच्या बाईचा हलका माल आपल्यात मिसळेल, याची प्रत्येकीला भीती. मी चेष्टा करायची, "काकी, मिरचीच हाय की, लेकरू न्हाय." त्यावर गडमुडशिंगीच्या सरलाकाकींनी एकदा सुनावलं होतं, "लेकरू शेजारणीकडं ठेवीन बाई. चटणी न्हाय ठेवणार." सरलाकाकी म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या मागून मुडशिंगीची अर्धी गल्ली यायची.

या बायका डोक्यावर गाठोडं घेऊन बसनं यायच्या आणि गर्दी असली की दिवसभर ताटकळायच्या. कुणाचं दूध काढायचं राहायचं, कुणाला घरी जाऊन बोलणी खावी लागायची. मला सुचलं, आपण मोबाईल घेऊ आणि जिची पाळी तिलाच फोन करून बोलावू. तेव्हा पेठेत मोबाईल बऱ्याच जणांकडं आले होते, पण बायकांकडं नाही. अण्णा म्हणाला, "तंगी, तुला कशाला पायजे मोबाईल?" तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण, लाडात आणि रागात तो हेच म्हणायचा. मी ऐकलं नाही. कोपऱ्यावर दिलीपदादाचा मोबाईलचा गाळा होता. तिथं जुना पण रंगीत पडद्याचा फोन होता. दोन तास घासाघीस केली. तिसऱ्यांदा पायरी उतरले तेव्हा त्यानं हाक मारली आणि वर कव्हर फुकट दिलं.

मग मी नंबर गोळा केले. बायकांचा स्वतःचा फोन नसायचा. नंबर घरच्या पुरुषाचा. कुणी पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढायची, कुणी तोंडपाठ म्हणून दाखवायची आणि एक आकडा चुकवायची. सरलाकाकी मुडशिंगी, शोभावहिनी मुडशिंगी, अशी नावं मी फोनमध्ये घातली. त्या हंगामात डंकावर पहिल्यांदाच कुणी ताटकळलं नाही. "मंगळवारी अकराला या," एवढंच सांगायचं आणि अकराला गाठोडं हजर. गिऱ्हाईक वाढलं हे अण्णाला दिसत होतं. त्या यंत्राला मी लावलेला तो एकमेव नवा भाग, आणि तो माझा होता.

अव्वाचं माहेर शिरोळकडचं. आम्ही लिंगायत, पण वाडीच्या दत्तावर तिची माहेरपणापासूनची श्रद्धा. दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायची, येताना पेढ्यांचा पुडा आणायची. त्या वर्षी तिचे गुडघे गेले. बसची पायरी चढता येईना. दोन पौर्णिमा हुकल्या आणि ती गप्प झाली. डंकाच्या घरात गप्प माणूस फार दिसतो. एक दिवस मी दिलीपदादाकडं बॅटरी बदलायला गेले तर त्याच्या फोनवर आरती चाललेली. पडद्यावर दत्ताची तसबीर, खाली निरांजन, आणि बटण दाबलं की खणखणीत घंटा.

"हे कसलं, दादा?"

"नवीन आलंय. घालू काय तुझ्यात? फुकट हाय."

फुकट हा शब्द माझ्या धंद्याला नवा होता. ज्याला भाव आहे त्याच्याशी मी भांडू शकत होते. मिरचीवाला आला की कुठल्या गावची, कधीची, देठासकट का, ओली का, असे दहा प्रश्न विचारल्याशिवाय मी पोत्याला हात लावत नसे. इथं भावच नव्हता, म्हणून मी एकही प्रश्न विचारला नाही. दिलीपदादानं दोन्ही फोन शेजारी ठेवून ते माझ्यात सोडलं. मग माझ्या फोननं प्रश्न विचारले. इंग्रजीत, एकामागून एक, खाली येस आणि नो.

"येस दाब," दिलीपदादा म्हणाला. दाबलं. दुसरा आला. "येस." तिसरा, चौथा. "सगळ्याला येसच म्हणायचं, ताई, न्हायतर पुढं जात न्हाय."

पहिल्या शब्दाला हो म्हणणारं गिऱ्हाईक मूर्ख, असं मी लोकांना शिकवत होते. आणि मी चार वेळा हो म्हणाले.

अव्वाला मात्र आनंद झाला. पहाटे अंघोळ करून ती फोन भिंतीतल्या देवळीत ठेवायची, त्याच्यापुढं खरं निरांजन लावायची आणि अंगठ्यानं घंटा वाजवायची. मग दिवसभर बोलत राहायची. मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी आपण फुकटात मोठा सौदा केला.

आठवडाभरानं, डंक ऐन भरात चालू असताना, फोन वाजला. मी बाहेर ओट्यावर जाऊन घेतला. पुरुषाचा आवाज होता, खोटा गोड. "कोण, डंकवाली काय? एकटी हाईस म्हणं?" मी त्याची आई-बहीण काढून फोन ठेवला. लगेच दुसरा. मग एक बाई, रडवेली: "आमच्या मालकांना असला मेसेज धाडतीस? लाज न्हाय वाटत?" मला काही कळेना. दुपारी शोभावहिनींचा दीर दारात आला. त्यानं आपला फोन अण्णापुढं धरला. माझ्या नंबरावरून आलेला मेसेज होता, इंग्रजी अक्षरांत हिंदी: मी एकटी आहे, माझ्याशी मैत्री करायची असेल आणि फोटो बघायचा असेल तर खाली दाबा. फोनमध्ये होते तेवढ्या सगळ्या नंबरांना तो गेला होता. म्हणजे मुडशिंगीच्या घराघरांत, नवऱ्यांच्या हातात.

अण्णानं यंत्र बंद केलं. त्या शांततेची मला सवय नव्हती.

"तू धाडलास?"

"मी कशाला धाडू? डोकं फिरलंय काय तुझं?"

"मग भुतानं धाडला?"

दीर निघून गेल्यावर अण्णानं फोनमधलं कार्ड काढून खिशात टाकलं. "बाईच्या हातात मोबाईल दिला की हेच हुतंय. कोण इचारलं तर फोन हरवलाय म्हणून सांगायचं. चोरानं केलं म्हणायचं. विषय संपला."

विषय कसा संपेल? मी एकोणीस वर्षांची होते. त्या गल्लीत मला नावानं ओळखत होते. फोन हरवला असता तर मी त्याच सकाळी पाच जणींना त्याच्यावरून पाळी कशी सांगितली असती? बायका अडाणी नव्हत्या. आणि अण्णाचं ते वाक्य, बाईच्या हातात, ते मला मेसेजपेक्षा जास्त लागलं. आजही लागतं. ज्या हातांनी त्याच्या डंकावर गर्दी आणली त्या हातांबद्दल तो बोलत होता. दुसऱ्या दिवशी मुडशिंगीहून कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चटणी बिघडली की पहिल्यांदा विचारतात, यंदा नवीन काय घातलं? मी तसाच विचार केला. फोनमध्ये त्या आठवड्यात नवीन काय आलं? एकच वस्तू. मी देवळीतला फोन उचलला आणि दिलीपदादाच्या गाळ्यावर गेले. गाळ्यात गिऱ्हाईक होतं, त्याच्या देखत सुरू झाले. पेठेतली दोन-चार माणसंही जमली. दिलीपदादा घाबरला, पण उत्तर त्यानं बरोबर दिलं: "मी कुठं दाबलं, ताई? येस तूच दाबलीस की."

ते खरं होतं, म्हणून मी जास्त ओरडले. "तुझ्या एखाद्या भंगार फोनात घाल ते परत. आणि त्यो काय काय इचारतोय ते मोठ्यानं वाच. सगळ्यांना ऐकू दे."

त्यानं कार्ड नसलेला एक जुना फोन काढला. आरती सोडली. पहिला प्रश्न आला. त्यानं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ घेतला. मग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाला, "मला न्हाय वाचता येत, ताई. सातवीत शाळा सुटली. येस म्हटल्याबगर चालत न्हाय, एवढंच ठावं हाय मला. मला बी एकानं असंच दिलं. त्यो कुठला कोण, मलाबी ठाव न्हाय."

मी भांडायला आले होते आणि भांडण हातातून सुटलं. मी फोन घेतला. बारावीपर्यंतचं इंग्रजी होतं माझ्याकडं. अडखळत का होईना, वाचता येत होतं. त्या दिवशीही आलं असतं. पहिला प्रश्न: हे कुठून आलं याची खात्री नाही, तरी घालायचं का? दुसरा: तुमच्याकडचे नंबर बघू का? तिसरा: तुमच्या वतीनं मेसेज पाठवू का? चौथा: इंटरनेट वापरू का? मी एकेक वाचून मराठीत सांगितला. दिलीपदादाच म्हणाला, "आरतीला नंबर कशाला पायजेत?"

हेच एक वाक्य मी आठवडाभर आधी बोलले असते तर. परवा नवीन फोनवर टॉर्चचं ॲप घेताना त्यानंही माझे नंबर मागितले. मी मोठ्यानं म्हटलं, उजेड पाडायला तुला माझ्या नणंदेचा नंबर कशाला? दुकानातल्या मुली हसल्या. आता फोन एकेक गोष्ट वेगळी विचारतो, नको तेवढं नाकारता येतं, दिलेलं परत काढूनही घेता येतं. तेव्हा बहुतेकदा सगळं द्या नाहीतर निघा, असा व्यवहार होता. पण निघता येत होतं, हे विसरता कामा नये.

दिलीपदादा म्हणाला, फोन पुरा पुसावा लागंल, नंबरबी जातील. मी त्याच्याकडून कागद मागितला आणि नुसती नावं उतरवून घेतली, नंबर नाही; गावं आणि घरं मला पाठ होती. मग म्हटलं, पूस. त्यानं पैसे घेतले नाहीत. उलट आपल्या फोनमधली आरतीही माझ्यादेखत काढली, आणि ज्यांना ज्यांना ती दिली होती त्यांची नावं बोटांवर मोजत बसला.

घरी आल्यावर अव्वानं फोन देवळीत ठेवला आणि अंगठा दाबला. घंटा वाजली नाही. मी तिला सगळं सांगितलं. आतमध्ये दत्त नव्हता, दत्ताची तसबीर लावून बसलेला लबाड होता.

"मग एवढं दिवस मी कुणाला ओवाळलं गं?"

मी नावांचा कागद काढला. मुडशिंगीला जाऊन सगळं सांगायचंय, म्हटलं.

तशी ती उठली, भिंतीला धरून. "मुडशिंगीला जायाचं म्हणालीस न्हवं? चल. मी येतो. तू एकटी गेलीस तर त्यास्नी वाटंल पोरगी झाकाया आलीया." अण्णा आडवा आला. फोन हरवला म्हणूनच सांगा, घरची अब्रू जाईल, म्हणाला. अव्वानं त्याला एवढंच विचारलं, "आन ज्यांनी त्या मेसेजावर दाबलंय त्यांचं काय? त्येंच्यात बी त्यो शिरला असंल की." हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही खोटं बोललो असतो तर तो लबाड घराघरांत तसाच बसून राहिला असता.

बसच्या पायऱ्या अव्वानं एकेक करत, माझ्या खांद्यावर भार टाकून चढल्या. सरलाकाकींच्या दारात पोचलो तेव्हा त्यांनी आत या म्हटलं नाही. अंगणातच उभं केलं. शेजारच्या बायका जमल्या, शोभावहिनीही आल्या. काकींचे मालक, नाना, बाजेवर बसलेले. "काय तोंड घेऊन आलीस?" ते म्हणाले.

मला चिडायची सवय. राग गिळला. म्हटलं, "नाना, मेसेज मी न्हाय धाडला. पण धाडायची परवानगी मी दिली. न वाचता दिली." मग आरतीपासून सगळं सांगितलं. चार प्रश्न सांगितले. मी म्हटलं, "आता सांगा, तुम्ही चटणी कुटाया आला आन मी म्हटलं, चटणी फुकट कुटतो, पर तुमच्या कपाटाची किल्ली द्या, तर द्याल काय?"

"झाडूनं हाणीन," सरलाकाकी म्हणाल्या.

"मी दिली, काकी. तुमच्या सगळ्यांच्या कपाटाच्या किल्ल्या मी दिल्या. त्यासाठी आलोय." मग मुख्य सांगायचं ते सांगितलं: "ज्यांनी कुणी त्या मेसेजावर दाबलं असंल त्यांनी फोन पुसून घ्या. तुमच्याबी फोनातनं तसंच जातंय."

कुणी दाबलं, असं विचारल्यावर गल्लीत कुणीच दाबलं नव्हतं. एकदम सगळे सज्जन. तेवढ्यात शोभावहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "पर नाना, तुमच्या फोनवरनं आमच्या मामंजींना आला की त्यो मेसेज. तुम्ही एकटं हाय म्हणून."

बाज करकरली. आधी सरलाकाकीच हसल्या, पोट धरून. "एकटं हाय व्हय? चाळीस वरसं मी कुणासंगट ऱ्हातोय?" अव्वाही हसली. मला वाटलं नाना मारायला उठतील. पण ते फोन काढून माझ्याकडं आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ह्ये कसं काढायचं त्ये बग की पोरी. त्येनं माझ्या सासऱ्यालाबी धाडलाय."

त्या संध्याकाळी मी निरोप धाडल्यावर दिलीपदादा आपल्या सायकलवरून मुडशिंगीत आला आणि नानांच्या ओट्यावर बसून एकेक फोन पुसत राहिला. मी प्रश्न वाचून दाखवत होते.

अण्णा आजही लग्नाकार्यात सांगतो, तंगीचा फोन चोरीला गेला होता आणि मीच ते प्रकरण मिटवलं. त्याच्या गोष्टीत अव्वा बसच्या पायऱ्या चढत नाही. मी दुरुस्त करायचं सोडलंय, विसरायचं नाही. पुढं मी माझा स्वतःचा डंक घातला, तो त्याच्या 'बाईच्या हातात' या वाक्याच्या रागावर. पण हे सगळं नंतरचं.

चार दिवसांनी सरलाकाकी डंकावर आल्या, मागून गल्ली आली. कार्ड मी अण्णाकडून परत घेतलं होतं. पुढची पाळी ठरवायची म्हणून मी फोन काढला आणि सवयीनं म्हटलं, "काकी, नंबर सांगा." त्या सांगेनात.

"कशाला पायजे?"

मी कारण सांगितलं. त्यांनी विचार केला. "नाव घालायचं न्हाय. नुसता नंबर. फोन दुपारी बारा ते दोन, मी घरात असतो तवाच. दुसऱ्या कुणाला द्यायचा न्हाय, तुझ्या अण्णालाबी न्हाय. आन माझी चटणी डब्यात भरली की माझ्यासमोर काढून टाकायचा."

"काकी, नाव न्हाय घातलं तर मला कळणार कसं कुणाचा हाय?"

"त्यो तुझा प्रश्न."

मी घासाघीस केली. नावाऐवजी नुसतं अक्षर तरी, दोनऐवजी तीन वाजेपर्यंत तरी. त्यांनी तसूभर सोडलं नाही. मी आयुष्यात फार थोडे सौदे पुरते हरले; हा त्यातला एक, आणि मागच्या सगळ्या बायका ऐकत होत्या, म्हणजे प्रत्येकीशी हरायचं होतं. शोभावहिनींनी तर नंबर दिलाच नाही. "मी बसनं यिऊन बसतो, माझं मी," म्हणाल्या. मी बरं म्हटलं.

पुढच्या मंगळवारी सरलाकाकींची उरलेली मिरची झाली. त्यांनी तांबडी लाल चटणी डब्यात दाबून भरली, झाकण लावलं, वर फडकं बांधलं. अण्णानं पुढच्या बाईसाठी यंत्र चालू केलं, ताटं वाजू लागली. काकी उठल्या नाहीत. माझ्या शेजारी येऊन बसल्या, चष्मा पुसून घातला आणि त्या दणक्यांवरून ओरडल्या, "हं. काढ."

मी काढला. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, बिननावाचे सगळे नंबर एकेक करून खालपर्यंत बघितले, आपला नाही याची खात्री केली, आणि मग डबा डोक्यावर घेतला.